मालिकेची गोष्ट पडद्याबाहेर नेताना: ट्रान्समीडियाचा पहिला आराखडा

‘ब्रेकिंग बॅड’च्या दुसऱ्या सीझनमध्ये, म्हणजे २००९ साली, वॉल्टर व्हाइटचा मुलगा बापाच्या कॅन्सरवरच्या उपचारांसाठी पैसे जमवायला एक वेबसाइट बनवतो. पडद्यावर तिचा पत्ता दिसतो. ज्यांनी तो पत्ता आपल्या कॉम्प्युटरवर टाइप करून पाहिला, त्यांच्यासमोर ती साइट खरोखर उघडली. ओबडधोबड मांडणी, भडक अक्षरं, बाबांबद्दल भरभरून लिहिलेला मजकूर. शाळकरी पोरानं एकट्यानं जमवावी अगदी तशी. देणगीचं बटण दाबलं की माणूस एका खऱ्या कॅन्सरविषयक संस्थेच्या पानावर पोचायचा.

बस, एवढंच. कोडं नाही, गेम नाही, बक्षीस नाही. तरीही ट्रान्समीडियाचं उदाहरण द्यायचं झालं तर मी आधी हेच देतो. मुलगा बापाचे गोडवे गातोय आणि बाप चोरून अमली पदार्थ बनवतोय हे वाचणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे. मालिकेतला ताण त्या एका पानावर जसाच्या तसा उतरलाय, आणि तो वाचणाऱ्याच्या घरात घडतोय.

पहिल्यांदाच मालिका किंवा वेब सीरिज लिहिणाऱ्यांसाठी, आणि चॅनलच्या डिजिटल टीममध्ये नुकतंच पाऊल टाकलेल्यांसाठी हा लेख आहे. “आपण काहीतरी ट्रान्समीडिया करूया” असं मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतं, सगळे माना डोलावतात आणि मग पात्रांच्या नावानं सोशल मीडियावर खाती उघडून त्यांवर सणांच्या शुभेच्छा टाकल्या जातात. ते टाळायचं असेल तर कामाचा क्रम काय असावा, ते पुढे पायरी पायरीनं सांगतो.

आधी गोंधळ दूर करू

कादंबरीवर मालिका केली तर ते रूपांतर झालं: तीच गोष्ट, दुसरं माध्यम. ट्रेलर, पोस्टर, कलाकारांच्या मुलाखती ही प्रसिद्धी. ट्रान्समीडियात एकच कथाविश्व अनेक माध्यमांत पसरतं आणि प्रत्येक माध्यमातला तुकडा त्यात काहीतरी नवं घालतो, जे इतर ठिकाणी मिळत नाही. माध्यम-अभ्यासक मार्शा किंडर यांनी १९९१ मध्ये मुलांच्या मनोरंजनाच्या संदर्भात ही संज्ञा वापरली; हेन्री जेन्किन्स यांच्या २००६ सालच्या पुस्तकानं ती सगळीकडे पोचवली.

व्यवहारात प्रसिद्धी आणि ट्रान्समीडिया यांची सरमिसळ होतेच, कारण पैसे बहुतेकदा मार्केटिंगच्या बजेटमधून येतात. त्यात गैर काही नाही. पण तुमचा तुकडा पाहून किंवा वाचून झाल्यावर प्रेक्षकाला गोष्टीतलं आधी माहीत नसलेलं काही कळलं का, एखाद्या पात्राकडे पाहण्याची नजर थोडी तरी बदलली का, हे विचारा. उत्तर ‘नाही’ असेल तर तो प्रोमो आहे. प्रोमो जरूर करा, फक्त त्याला प्रोमो म्हणा.

पहिली पायरी: गोष्टीतली मोकळी जागा शोधा

नवे लोक माध्यमापासून सुरुवात करतात. “पॉडकास्ट करू”, “गेम करू”, “चॅटबॉट करू.” ही सुरुवात उलटी आहे. आधी पटकथा घेऊन बसा आणि त्यात कुठे पोकळी आहे ते शोधा. तिथेच बाहेरच्या तुकड्याला जागा मिळते.

सगळ्यात सोपी पोकळी काळाची. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’चा दुसरा सीझन संपताना कथा एकदम वर्षभर पुढे उडी मारते आणि माणसांच्या नव्या वस्तीवर शत्रूचा कब्जा होतो. तिसरा सीझन सुरू होतो तेव्हा तिथे भूमिगत लढा आधीच पेटलेला असतो. मधल्या काळात काय झालं? त्यासाठी २००६ मध्ये ‘द रेझिस्टन्स’ नावाचे दहा वेबिसोड, म्हणजे इंटरनेटसाठी केलेले छोटे भाग, आले. त्यांच्या केंद्रस्थानी मुख्य नायक नव्हते. डक आणि जॅमर अशी दोन दुय्यम माणसं होती. एक लढ्याकडे ओढला जातो, दुसरा शत्रूला सामील होतो. तिसऱ्या सीझनमध्ये डक स्वतःला बॉम्बसकट उडवून देतो आणि जॅमरला त्याचेच लोक गद्दार म्हणून मारतात. वेबिसोड न पाहिलेल्याला हे प्रसंग पूर्ण समजतात. पाहिलेल्याच्या ते जिव्हारी लागतात. बाहेरच्या तुकड्यानं नेमकं एवढंच करायचं असतं.

दुसरी पोकळी वस्तूची. पात्रं काय लिहितात, काय वाचतात, खिशात काय बाळगतात? ‘ट्विन पीक्स’मध्ये खून झालेल्या लॉरा पामरची डायरी हा तपासातला धागा होता. पहिल्या आणि दुसऱ्या सीझनच्या मध्ये, १९९० साली, ती डायरी पुस्तक म्हणून दुकानांत आली. लिहिली होती जेनिफर लिंच यांनी. मालिकेचे सहनिर्माते डेव्हिड लिंच यांच्या त्या कन्या. पुस्तकात शेवटाकडची पानं फाडलेली आहेत, म्हणजे खुनी कोण हे मालिकेनंच सांगायचं. इंटरनेट घरोघरी पोचण्याच्या आधीचं हे काम आहे, आणि आजही त्यात बदल सुचवावा असं मला काही दिसत नाही.

तिसरी पोकळी दुर्लक्षित माणसाची. ‘द वॉकिंग डेड’च्या पहिल्याच भागात गवतातून सरपटत जाणारं, कमरेखालचं शरीर नसलेलं एक प्रेत दिसतं. नायक नंतर परत येऊन त्या बाईची माफी मागतो आणि तिला कायमची शांत करतो. ती कोण होती? २०११ मधल्या ‘टॉर्न अपार्ट’ या वेबिसोडमध्ये तिची, म्हणजे हॅनाची, गोष्ट आली.

आता तुमचा गृहपाठ. पहिल्या तीन भागांच्या पटकथा छापून घ्या आणि रंगीत पेन घेऊन खुणा करत जा: इथे काळ उडाला, इथे पत्र आलं पण वाचलं गेलं नाही, इथे फोन कापला, या माणसाचं आडनावही आपल्याला माहीत नाही. साधारण पंधरा-वीस जागा निघतील. मग त्यांतल्या ज्या जागेचं उत्तर सीझनच्या मुख्य प्रश्नाला भिडतं, त्या सगळ्यांवर काट मारा. त्या पडद्याच्या मालकीच्या आहेत.

आणखी एक चाळणी लावा. अभ्यासक जेसन मिटेल यांनी ‘लॉस्ट’ (विमान कोसळून एका गूढ बेटावर अडकलेल्या लोकांची मालिका) आणि ‘ब्रेकिंग बॅड’ यांची तुलना करताना दाखवलंय की काही मालिका बाहेरच्या दिशेनं फैलावतात, तर काही आत, माणसाच्या मनात उतरत जातात. पहिल्या प्रकारच्या मालिकेला नकाशे, संस्था, इतिहास, गुप्त कागदपत्रं शोभतात. दुसऱ्या प्रकारच्या मालिकेला हे सगळं ओझं होतं. तिला हवा असतो एखाद्या पात्राचा आवाज. कुटुंबातल्या ताणावरची मालिका असेल तर तिच्या गावाचा विश्वकोश कोणी वाचणार नाही. धाकट्या सुनेनं बहिणीला पाठवलेले व्हॉइस मेसेज मात्र लोक कान देऊन ऐकतील.

दुसरी पायरी: कोणासाठी करताय ते ठरवा

प्रेक्षकांचे ढोबळ तीन गट धरा. फक्त मालिका बघणारे, हे बहुसंख्य. कुतूहल वाटलं तर एखादी लिंक उघडणारे. आणि खणत जाणारे: फ्रेम थांबवून भिंतीवरचा कागद वाचणारे, विकी चालवणारे. नव्या टीमचं सगळं लक्ष या तिसऱ्या गटाकडे जातं, कारण तोच सगळ्यात जास्त बोलतो. पण खर्च जर त्या मूठभरांवरच होणार असेल तर तो करायचा की नाही, हे डोळे उघडे ठेवून ठरवा.

‘लॉस्ट’चं उदाहरण इथे लाख मोलाचं आहे. २००६ च्या उन्हाळ्यात, दुसऱ्या आणि तिसऱ्या सीझनच्या दरम्यान, ‘द लॉस्ट एक्सपिरियन्स’ नावाचा खेळ चालला. मालिकेच्या जाहिरातींच्या वेळात ‘हॅन्सो फाउंडेशन’ या काल्पनिक संस्थेच्या जाहिराती दिसल्या. तिथून वेबसाइट, तिथून रेचेल ब्लेक नावाच्या तरुणीचे व्हिडिओ, तिथून जगभर विखुरलेले तुकडे. मालिकेतल्या विमान अपघातात मरण पावलेल्या गॅरी ट्रूप या काल्पनिक लेखकाची कादंबरीसुद्धा खरोखर छापली गेली. आणि खेळाच्या शेवटाकडे मालिकेतल्या त्या प्रसिद्ध आकड्यांचा अर्थ सांगितला गेला. ४, ८, १५, १६, २३, ४२: मानवजातीचा अंत कधी होईल हे मांडणाऱ्या एका समीकरणातले ते घटक आहेत.

वर्षानुवर्षं करोडो लोक ज्या प्रश्नावर डोकं खाजवत होते त्याचं एक उत्तर अशा जागी दिलं गेलं, जिथे त्यांच्यातले थोडेच पोचले. मूळ मालिकेच्या भागांत ते स्पष्टीकरण त्या रूपात आलंच नाही. खेळलेल्यांना वाटलं, आपल्याला कळलेलं मालिकेनं वाऱ्यावर सोडलं. न खेळलेल्यांना वाटलं, आपल्याला काही सांगितलंच नाही. एकाच निर्णयानं दोन्ही गट नाराज.

म्हणून नियम सोपा ठेवा: बाहेरचं काहीही न पाहता मालिका पूर्ण कळली पाहिजे. बाहेरच्या तुकड्यातून मिळतो तो अर्थ वाढीव. पण मिळाला पाहिजे नक्की, नाहीतर माणूस दुसऱ्यांदा येत नाही.

तिसरी पायरी: माध्यम पात्रालाच निवडू द्या

पोकळी सापडली, प्रेक्षक ठरला, आता माध्यम. इथे एक प्रश्न बहुतेक भांडणं मिटवतो: हे पात्र स्वतः काय वापरेल?

बीबीसीच्या ‘शेरलॉक’मध्ये डॉक्टर वॉटसन ब्लॉग लिहितो. मग बीबीसीनं तो ब्लॉग खरोखर सुरू केला. जोसेफ लिडस्टर यांनी तो लिहिला. मालिकेत नुसत्या उल्लेखून सोडलेल्या केसेस तिथे सविस्तर वाचायला मिळायच्या आणि खाली प्रतिक्रियांत शेरलॉक, वॉटसनची बहीण, मिसेस हडसन यांची आपसात जुंपलेली असायची. मला विचाराल तर खरी मजा त्या प्रतिक्रियांतच होती. ‘कॅसल’ मालिकेचा नायक रहस्यकथा लिहितो. तर २००९ मध्ये त्याच्याच नावानं ‘हीट वेव्ह’ ही कादंबरी बाजारात आली आणि लेखकाच्या फोटोच्या जागी अभिनेता नेथन फिलियन होता. या दोन्ही ठिकाणी “हे इथे कशाला?” असा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही.

खर्चाचा अंदाज घेताना साधारण असा चढता क्रम धरा:

- पात्राचं पत्र, डायरी, ब्लॉग, चॅट: एक चांगला लेखक पुरतो.
- आवाजातले तुकडे, व्हॉइसमेल: लेखक, कलाकाराचे दोन तास, ध्वनीमुद्रण.
- छोटे व्हिडिओ: मालिकेच्या सेटवरच, शूटिंगच्या दिवसांतच उरकले तर परवडतात. नंतर सेट पुन्हा उभारावा लागला तर विसरा.
- कॉमिक: कलाकारांच्या तारखा लागत नाहीत हा मोठा फायदा. जे शूट करणं अशक्य ते इथे काढता येतं.
- गेम आणि प्रत्यक्ष कार्यक्रम: पहिल्या खेपेला नको.

गेमबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तो मोह सगळ्यांनाच होतो. २०१३ मध्ये ‘डिफायन्स’ ही मालिका आणि त्याच नावाचा ऑनलाइन गेम जोडीनं सुरू झाले. एकातल्या घटनांचे पडसाद दुसऱ्यात उमटावेत अशी योजना होती. मालिका तीन सीझननंतर २०१५ मध्ये थांबली, गेमचे सर्व्हर मात्र २०२१ पर्यंत चालू होते. गेम बनायला वर्षं लागतात, मालिकेचा भाग काही आठवड्यांत बदलतो, आणि एक बंद पडलं तरी दुसऱ्याला रेटत राहावं लागतं. प्रत्यक्ष कार्यक्रमांचंही तेच. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनजवळ ‘वेस्टवर्ल्ड’ मालिकेतलं अख्खं स्वीटवॉटर गाव उभारलं होतं. बातम्या झाल्या, फोटो झाले. पण तिथे प्रत्यक्ष जाऊ शकणारे किती? एवढा पैसा तुमच्याकडे असेल तर हा लेख वाचायची गरज नाही.

आणि माध्यम प्रेक्षकाच्या सवयीच्या फार पुढेही नको. ‘डॉक्टर हू’नं २००६ मध्ये प्रत्येक भागाआधी मोबाइलवर बघण्यासाठी मिनिटभराचे १३ ‘टार्डिसोड’ काढले. फोनवर व्हिडिओ बघण्याची सवय लोकांना तेव्हा लागायची होती. आज तेच तुकडे सहज हातोहात फिरले असते.

चौथी पायरी: बायबल एकच, आणि त्याचा मालकही एकच

प्रत्येक मालिकेचं ‘बायबल’ असतं: पात्रं, नाती, भूतकाळ, जगाचे नियम. बाहेर तुकडे जायला लागले की त्यात तीन गोष्टी वाढवा. तारीखवार कालरेषा, कारण ब्लॉगवर तारीख छापली जाते आणि पडद्यावर मोघम चालून गेलेला ‘मागचा महिना’ तिथे पकडला जातो. प्रत्येक पात्राची लिहिण्याची लकब: कोण पूर्णविराम देत नाही, कोण इमोजी वापरतं, कोण चुकीचं शुद्धलेखन करतं. आणि तिसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक तुकड्यावर शिक्का: हा कथेतला अधिकृत भाग आहे, की निव्वळ गंमत? फॅन मंडळी याला ‘कॅनन’ म्हणतात आणि त्यावरून रात्रंदिवस भांडतात. तुम्ही ठरवलं नाही तर ते ठरवतील.

मालक एकच म्हणजे काय? तर रायटर्स रूममधली, म्हणजे मालिका मिळून लिहिणाऱ्या लेखकांच्या टीममधली, एक व्यक्ती, जिला पुढच्या भागांत काय येणार ते माहीत आहे आणि जिच्या सहीशिवाय काहीही बाहेर जात नाही. हे काम बाहेरच्या एजन्सीला देऊन मोकळं होता येत नाही. एजन्सी साइट बनवेल. त्या साइटवर नायिकेची आई काय लिहील हे तिला कळणार नाही.

मोबदला आणि श्रेय यांचा करार आधी करा. वर सांगितलेल्या ‘बॅटलस्टार’च्या वेबिसोडवरूनच वाद झाला होता: हे प्रसिद्धीचं साहित्य मानायचं, की लेखकांना त्याचं वेगळं श्रेय आणि पैसे द्यायचे? इंटरनेटवरच्या कामाचा मोबदला हा २००७-०८ च्या हॉलिवूडमधल्या लेखकांच्या १०० दिवसांच्या संपातला एक कळीचा मुद्दा होता. कलाकारांच्या बाबतीतही तेच. पात्राच्या नावानं फोटो, आवाज, व्हिडिओ वापरायचे तर मूळ करारात ते लिहिलेलं असू द्या. शूटिंग संपल्यावर मागायला गेलात तर दर वेगळा लागतो.

पाचवी पायरी: वेळापत्रक, म्हणजे अर्धी लढाई

वेळेचा वापर शिकायचा तर नॉर्वेच्या ‘स्काम’कडून शिकावा. सरकारी प्रसारक एनआरकेसाठी युली आंडेम यांनी ही किशोरांची मालिका केली. २०१५ ते २०१७, चार सीझन. प्रसंग कथेत ज्या वारी, ज्या वेळी घडतो, त्याच वारी त्याच वेळी त्याची क्लिप साइटवर यायची. शनिवारी रात्रीची पार्टी असेल तर क्लिप शनिवारी रात्री. वर्गातला प्रसंग शाळेच्या वेळात. अध्येमध्ये पात्रांचे चॅट, त्यांच्या इन्स्टाग्राम खात्यांवरचे फोटो. शुक्रवारी त्या आठवड्याच्या क्लिप जोडून पूर्ण भाग.

क्लिप नेमकी कधी येईल हे आधी जाहीर होत नसे. त्यामुळे प्रेक्षक साइट पुन्हा पुन्हा उघडून बघायचे. दोन पात्रांचं भांडण झालंय आणि नंतर काहीच येत नाहीये, तर ती शांतताही गोष्टीचाच भाग व्हायची. पात्रही वाट बघतंय, तुम्हीही. सुरुवातीला मालिकेची जाहिरात मुद्दाम फारशी केली नव्हती, म्हणजे मुलामुलींना ती आपली आपण सापडावी. लिहिण्याआधी किशोरवयीनांच्या लांबलचक मुलाखती घेतल्या होत्या, म्हणून चॅटमधली भाषा खोटी वाटली नाही. पुढे फ्रान्स, जर्मनी, इटली, स्पेन, नेदरलँड्स, बेल्जियम आणि अमेरिकेत तिच्या स्थानिक आवृत्त्या निघाल्या.

यात तंत्रज्ञान म्हणावं असं काय होतं? क्लिप, चॅटचे स्क्रीनशॉट आणि फोटो. महागडं काही नाही. फक्त घड्याळ काटेकोर होतं आणि सगळं पहिल्या दिवसापासून एकत्र लिहिलं होतं. शुक्रवारचा जोडलेला भाग विसरू नका: ज्याला आठवडाभर फोनला चिकटून राहायचं नाही, त्याच्यासाठी दार उघडं होतं.

वेळापत्रक दुसऱ्याच्या हातात गेलं की काय होतं तेही पाहून ठेवा. ‘एजंट्स ऑफ शील्ड’ सप्टेंबर २०१३ मध्ये सुरू झाली. ती ज्या संस्थेबद्दल होती, तिच्यात शत्रू घुसलेला आहे हे रहस्य एप्रिल २०१४ मध्ये त्याच मार्वल कथाविश्वातल्या कॅप्टन अमेरिकाच्या चित्रपटात फुटणार होतं. तोपर्यंत मालिकेला ते तोंडातून काढता येत नव्हतं. सुरुवातीचे बरेच भाग त्यामुळे रेंगाळल्यासारखे वाटले. चित्रपट लागल्यावर काही दिवसांतच आलेल्या भागानं मात्र मालिकेला एकदम वेग दिला. मोठ्या भावाच्या तारखेला बांधून घ्यायचं असेल तर मधले महिने कशावर काढणार, ते आधी लिहून काढा.

साप्ताहिक मालिकेसाठी सुरुवातीचा साचा असा ठेवता येईल: भाग दाखवल्यानंतर तासाभरात त्याच प्रसंगाची प्रतिक्रिया देणारा एक छोटा तुकडा, आठवड्याच्या मध्यावर पोकळीतला मुख्य तुकडा, पुढच्या भागाच्या आदल्या दिवशी काहीच नाही. तो दिवस रिकामा सोडा, मालिकेच्या प्रोमोला जागा द्या. रोजच्या मालिकेत आठवड्याला एकच तुकडा पुरे, नाहीतर लिहिणारा दमतो. सगळे भाग एकाच दिवशी येणार असतील तर तारखेला बांधू नका. तुकडा भागाच्या क्रमांकाला बांधा. ‘चौथा भाग बघून झाल्यावर वाचा’ असं स्पष्ट लिहा, म्हणजे कोणाचा रसभंग होणार नाही.

सहावी पायरी: दार दिसलं पाहिजे आणि उघडलंही पाहिजे

‘हीरोज’मध्ये प्रायमाटेक पेपर नावाच्या कंपनीचं व्हिजिटिंग कार्ड दिसायचं आणि त्या कंपनीची साइट खरोखर होती. ‘मिस्टर रोबोट’मध्ये दिसणारे फोन नंबर आणि वेबपत्ते वापरून पाहणाऱ्यांना त्यापलीकडे काहीतरी सापडायचं, हॅकर मंडळींवरच्या मालिकेला ते साजेसंच होतं. प्रेक्षक आत शिरतो ते दार हे.

दाराबद्दलचे नियम रुक्ष आहेत, पण तिथेच बहुतेक प्रयोग फसतात. पटकथा कायम झाली की शूटिंगच्या आधी डोमेन (साइटचा पत्ता) आणि फोन नंबर विकत घ्या. प्रसारणाच्या आदल्या रात्री कळायला नको की तो पत्ता दुसऱ्याच कोणाचा आहे. पडद्यावर पत्ता वाचता येईल इतका वेळ टिकला पाहिजे, आणि छोट्या फोनवरही. साइट मोबाइलवर झटकन उघडावी. आत जायला नाव, ईमेल, पासवर्ड मागू नका. पहिल्या मिनिटात काहीतरी हाती लागू द्या. आणि भाग चालू असताना एकाच क्षणी हजारो लोक येतील हे सर्व्हर सांभाळणाऱ्याला आधी सांगून ठेवा.

सातवी पायरी: गंमत आणि फसवणूक यांतली रेषा

पात्राचं खातं खऱ्यासारखं वाटावं, पण खरं समजलं जाऊ नये. खात्याच्या ओळखीत मालिकेचं नाव लिहा. त्यानं जादू कमी होत नाही. कथेतल्या आजारपणासाठी, अपघातासाठी प्रेक्षकांकडून पैसे कधीही घेऊ नका. वॉल्टर व्हाइटच्या मुलाच्या साइटवरचं बटण खऱ्या संस्थेकडे जात होतं, ते याचसाठी.

पात्राला लोक मेसेज करतात. त्यांतले काही “तुझ्यासारखंच माझ्याबरोबर होतंय” असं सांगणारे असतात, विशेषतः छळ, नैराश्य, व्यसन असे विषय असतील तेव्हा. अशा मेसेजला पात्राच्या आवाजात उत्तर द्यायचं नाही. ते कोणी वाचायचे, मदतीची कोणती माहिती द्यायची, हे खातं उघडण्याआधी ठरलेलं असावं. उत्तर द्यायला माणूसच नसेल तर मेसेज बंद ठेवा.

आठवी पायरी: प्रेक्षकाला जागा सोडा

‘लॉस्ट’च्या चाहत्यांनी २००५ मध्ये ‘लॉस्टपीडिया’ उभारला. मालिकेतल्या बारीकसारीक तपशिलांची ती नोंदवही चाहत्यांनी स्वतःच्या हौसेनं भरली. असं काही तुमच्या मालिकेभोवती उगवलं तर वकिलांची नोटीस पाठवू नका. त्यांचं पान रोज वाचा. तुमच्या कालरेषेतल्या चुका तिथे फुकटात सापडतील. चाहत्यांनी पुढचं वळण ओळखलं म्हणून कथा मात्र बदलू नका. ओळखता आलं याचा अर्थ तुम्ही खुणा नीट पेरल्या होत्या.

बाहेरचं आत आणणं हा त्याहून चांगला मान. ‘हीरोज’च्या साप्ताहिक ऑनलाइन कॉमिकमध्ये हाना गिटेलमन ही नायिका आधी अवतरली आणि २००७ मध्ये मालिकेत आली. कॉमिक वाचणाऱ्यांना ओळखीचं माणूस भेटल्याचा आनंद. बाकीच्यांना एक नवं पात्र. कोणाचंच नुकसान नाही.

मोजताना नुसत्या भेटींचे आकडे धरू नका. पहिल्या तुकड्यावर आलेल्यांपैकी तिसऱ्यावर किती आले, तुकडा शेवटपर्यंत किती जणांनी वाचला किंवा ऐकला, आणि त्याबद्दल बोलताना लोक पात्राचं नाव घेतात की कलाकाराचं, हे बघा. शेवटचं मोजायला कठीण आहे, पण सगळ्यात जास्त तेच सांगतं.

शेवटची पायरी: आवरायचं कसं

पहिला प्रयोग छोटा ठेवा: एक पोकळी, एक पात्र, एक माध्यम, सहा आठवडे. आणि शेवटचा तुकडा पहिल्या तुकड्याच्या आधी लिहून ठेवा. टीआरपी घसरला, मालिका अचानक आटोपली, तरी ब्लॉग लिहिणाऱ्या पात्राचा निरोप तयार असेल. मधेच थांबलेलं खातं वाचणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं.

१९९८ मध्ये ‘डॉसन्स क्रीक’नं नायकाचा अख्खा कॉम्प्युटर साइटवर उघडा केला होता, दोन भागांच्या मधल्या दिवसांत त्याचे ईमेल, नोंदी वाचता यायच्या. आज तो मूळ रूपात बघायला मिळत नाही. तुमच्या कामाची अशी गत होऊ नये म्हणून सगळा मजकूर, फोटो, ऑडिओ तारखांसह एका ठिकाणी साठवा. डोमेनचं नूतनीकरण मालिका संपल्यावरही काही वर्षं चालू ठेवा, कारण जुने भाग लोक पुढेही बघतच राहतात आणि सोडून दिलेला पत्ता दुसरं कोणी काय विकायला वापरेल ते सांगता येत नाही. फोन नंबरचंही तसंच. तो सोडून दिला तर कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देते, आणि मग भलत्याच माणसाला रात्री-अपरात्री तुमच्या खलनायकासाठी फोन येत राहतात.